हिरा, झिरा आणि आमच्याकडचे थोरले

३१ मार्च २०२४, रविवार

संपादकांनी गुरुवारच्या सदरातली माझी चार वाक्यं कापली. म्हणे फार कडू होती. वीस वर्षं हे शहर माझं सदर कडूपणासाठीच वाचतंय, पित्त फक्त संपादकांना होतं. कापलेली वाक्यं टाकायला जागा हवी, म्हणून ही वही. इथं संपादक नाही. मधुसूदनराव ती उघडण्याची शक्यता नाही, कारण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते फक्त जायकवाडीचा टक्का वाचतात. आज सकाळी चष्मा पुसून म्हणाले, "अजून उतरला." जणू त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेलं धरण कोणीतरी चोरून पीत आहे.

आठव्या दिवशी येणारं नळाचं पाणी आज आलं नाही. तिकडे शेंद्र्याला आणखी एका कारखान्याचं भूमिपूजन झालं. शहर चहूबाजूंनी वाढतंय, फक्त पाण्याच्या बाजूने नाही. (हे वाक्य कापलेल्यांपैकी एक.)

घरात चौघं. आम्ही दोघं, शेंद्र्यालाच कारखान्यात असलेला हिमांशू, आणि त्याची बायको. सूनबाई कन्नडकडची, वडील अप्पाराव अद्रक आणि मका करतात. ती विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते. विषय मी लग्नाच्या वेळी विचारला होता. समजला नाही, म्हणून "छान" म्हटलं होतं. अजून तेवढंच म्हणते.

७ एप्रिल, रविवार

आज विषय समजला. चूक माझीच, मीच विचारलं.

सूनबाई मटार सोलत बसली होती. म्हणाली, "आई, प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे. कोणता मणी कुठं ओवला त्यावर माळ कशी वळते ते ठरतं, आणि कशी वळते त्यावर ती काय काम करते ते."

"बरं."

"काही माळा सगळ्या जिवांत सापडतात. जंतूंत, झाडांत, तुमच्यात, माझ्यात. म्हणजे त्या सगळ्यांच्या एकाच पूर्वजाकडून आल्या. तीन-साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या."

"आणि तो पूर्वज कुठं ठेवलाय?"

"कुठंच नाही. त्या वेळची माळ दगडातसुद्धा टिकलेली नाही. पण वंशज आहेत ना. त्यांच्या माळा शेजारी ठेवायच्या, कुठं कोणता मणी बदलला ते बघायचं, आणि मागं मागं जात मूळची काढायची."

"म्हणजे नातवंडांची नाकं बघून खापरपणजोबांचं नाक काढायचं."

"तसंच. पण नाक काढून भागत नाही, आई. ते शिंकलं पाहिजे."

वाक्य चांगलं होतं. माझं असायला हवं होतं.

हिशेबाने काढलेली माळ प्रयोगशाळेत खरोखर बनवून घ्यायची. ती नीट वळली आणि काम करू लागली, तर कुठल्या हवेत करते ते तपासायचं. गार पाण्यात की उकळत्या? म्हणजे पूर्वजांचं बिऱ्हाड कुठं होतं याचा अंदाज येतो, आणि जीवसृष्टी सुरू झाली त्या दिवसांच्या थोडं जवळ जाता येतं. "उगमापर्यंत नाही," ती म्हणाली. "उगमाच्या खालच्या पहिल्या गावापर्यंत."

प्रथिनाचं नाव माझ्या जिभेला झेपत नाही, म्हणजे बघा. घरात मी त्याला "थोरले" असं नाव ठेवलं. मधुसूदनरावांना आवडलं. वयाने एवढ्या मोठ्यांना अरेतुरे करणं बरं नव्हे.

१३ एप्रिल, शनिवार

"थोरले उठले का?" असं मी रोज संध्याकाळी विचारते. रोज "नाही".

आज कळलं, उठण्याचं सोडाच, नीट वळतच नाहीत. नळीत नासलेल्या दुधासारखा चोथा बसतो. सूनबाईचे मार्गदर्शक डॉ. कारभारी यांनी सांगितलं की जून अखेरीस समितीपुढे आढावा आहे. तोपर्यंत थोरल्यांनी काम करून दाखवलं तर ठीक, नाहीतर विषय बदलायचा. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. पाणीही नाही, नुसती गेली.

हिमांशू म्हणाला, "आमच्याकडं क्वालिटीत जागा निघतेय. सायलीला सहज घेतील." मी म्हटलं, चांगलंच आहे. दोघांचा डबा एकाच छताखाली जाईल. सूनबाईने ताट घासून घासून इतकं लख्ख केलं की त्यात माझा चेहरा दिसला. चेहरा मला आवडला नाही, पण तो दोष ताटाचा.

गुरुवारसाठी लेख लिहिला. "साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचं पिंडदान आमच्या सुनेने विद्यापीठात मांडलंय, आणि कावळा काही शिवत नाही." पुढे विद्यापीठावर, अनुदानांवर, डॉक्टरेटच्या पिकावर. झकास जमला होता.

पाठवला नाही. दुष्काळावरचा जुना पाठवला. पिंडदानाचा तितकासा विनोदी नव्हता, म्हणून. बाकी काही कारण नाही.

२३ एप्रिल, मंगळवार, चैत्री पौर्णिमा

आज आम्ही आमच्या घराण्याचा हिरा गमावला. सविस्तर लिहिते.

पिशोरकरांची कुलदेवी घाटाई, कन्नडजवळच्या डोंगरावर. चैत्री पौर्णिमेला आमची चाळीसेक घरं तिथं जमतात आणि घराण्याची म्हणून एक आरती आहे, ती म्हणतात. कोण्या पूर्वजाने रचलेली. तिच्यात ओळ आहे: "हिरा तुझ्या पायी, आटेना कधी." हा हिरा म्हणजे आमच्या खापरपणजोबांना निजामाच्या दरबारात इनाम मिळालेला आणि त्यांनी देवीच्या पायी वाहिलेला. आरतीची पुस्तिका चौऱ्याहत्तर साली माझ्या सासऱ्यांनी छापून घरोघर वाटली, आणि पुढच्या आवृत्तीत थोरले दीर नानासाहेब यांनी हिऱ्यावर पाच पानी प्रस्तावना लिहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांत आधी मला तो हिरा सांगण्यात आला, दाखवण्यात अर्थातच नाही. मीही माहेरी जाऊन तो यथाशक्ती मोठा केला.

यंदा अन्सुयाआत्या आल्या. ह्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, खुलताबादला असतात, वय शहाऐंशी. बहात्तर साली एका समईवरून भावाशी भांडण झालं, तेव्हापासून ह्या जत्रेला फिरकल्या नव्हत्या. मरायच्या आधी देवी बघायची म्हणाल्या, म्हणून हिमांशूने गाडीतून आणलं.

आरती सुरू झाली. सगळे म्हणाले "हिरा". आत्या सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणाल्या, "झिरा."

नानासाहेबांनी टाळ थांबवला. "आत्या, हिरा. हि-रा."

"बहिरी मी, अन् ऐकू तुला येईना व्हय रे नाना? झिरा आहे तो. 'झिरा तुझ्या पायी, आटेना कधी.' पायथ्याशी झिरा होता. वाळूत हातानं उकरलं की पाणी यायचं. आम्ही पोरी वाटीनं कळशी भरायचो."

"आत्या, सगळं घराणं हिरा म्हणतं."

"मग हिरा आटतो का रे मेल्या?"

मी पहिल्यांदाच ती ओळ ऐकली, म्हणजे कानांनी. माझ्या लेखणीखालून भल्याभल्यांची भाषणं सुटली नाहीत, आणि हा न आटणारा हिरा मी लग्नापासून दरवर्षी डोळे मिटून गायलाय.

नानासाहेब सावरले. "ते लाक्षणिक आहे. तेज आटत नाही, असं. प्रस्तावनेत दिलंय. आणि आत्या, चाळीस घरं एकीकडे, तू एकटी एकीकडे. काही विचार करशील?"

"चाळीस घरांना पुस्तक कोणी वाटलं? तुझ्या बापानं. छापणाऱ्यानं खिळे चुकवले, ते तुम्ही पाठ केलं. मला पाठवलं होतं का पुस्तक? भांडण होतं. मी आपलं आईकडून ऐकलं तेच म्हणते."

एवढ्यात माझ्याशेजारी सूनबाई आरतीचं तबक हातात धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. निरांजनातलं तूप बोटावर सांडलं तरी हलेना. मला वाटलं, देवी अंगात येतेय की काय. तेवढंच राहिलं होतं. मी तबक काढून घेतलं. तर ती थेट आत्यांपाशी जाऊन बसली आणि विचारायला लागली, पुस्तिका कधी निघाली, भांडण आधी की पुस्तिका आधी, आणखी कोणाकोणाला मिळाली नव्हती. नानासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी घरी आल्यावर तिला सांगणार आहे की भर देवळात मोठ्या माणसांच्या भांडणात अशी बाजू घेऊ नये. उद्या सांगेन. आज फारच मजा आली.

२५ एप्रिल, गुरुवार

सांगायला गेले आणि ऐकून आले.

सायली पहाटेपासून संगणकासमोर होती. केस पिंजारलेले, चहा गार. मी म्हटलं, "परवाचं ते बरोबर दिसलं नाही."

"आई, मी नानाकाकांसारखंच केलं!"

"म्हणजे प्रस्तावना लिहिलीस?"

"मोजणी केली. चारशे जिवांच्या माळा घेतल्या. प्रत्येक जागी जास्त जणांकडं जो मणी, तो थोरल्यांना दिला. पण त्या चारशेतले तीनशे जवळच्या भाऊबंदांतले. प्रयोगशाळेत वाढवायला सोपे, म्हणून त्यांचीच माहिती ढीगभर. ते तीनशे साक्षीदार नाहीत, आई. ती एकच पुस्तिका आहे."

मी खुर्ची ओढली.

"आणि आत्या कोण?"

"उकळत्या झऱ्यांतले जंतू. फार पूर्वी बाकीच्यांपासून तुटलेले. मोजकेच आहेत. त्यांचे मणी इतके वेगळे, की मी चूक समजून बाजूला काढले होते."

"भांडण झालं होतं म्हणून शब्द टिकला."

"हां! तेच! तुटलेल्यांकडं जुनं टिकतं. सगळंच नाही टिकत, त्यांच्याही चुका असतात. पण त्यांना विचारलंच नाही तर कळणार कसं?"

समईच्या भांडणाने विज्ञानाचं भलं होईल असं माझ्या सासऱ्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी आणखी दोन बहिणींशी भांडण केलं असतं.

डॉ. कारभारींनी फोनवर आधी उडवून लावलं म्हणे. "आरतीवरून शोधनिबंध लिहिणार का?" त्यांना मी ओळखत नाही, पण एका परिच्छेदात त्यांचं काय करता येईल हे मला तत्काळ सुचलं. मग त्यांनी नवा हिशेब बघितला, आणि दोन तासांनी स्वतःच फोन करून म्हणाले, "मागवा." परिच्छेद सध्या राखून ठेवलाय.

८ मे, बुधवार

दोन नव्या माळा येणार आहेत, म्हणजे त्या माळा बनवायची कृती नळीत घालून येणार आहे, ती जंतूंच्या पोटात ढकलायची, मग जंतू माळ ओवतात. एक माळ थोरल्यांची. दुसरी "धाकट्यांची". ज्या ज्या जागी हिशेबाची खात्री नाही तिथं दुसऱ्या क्रमांकाचा मणी घातलेली. दोघंही सारखे वागले, तर आपला अंदाज मण्या-दोन मण्यांच्या चुकीने कोसळत नाही असं म्हणता येतं. हे मी आज भाजीवाल्याला सांगितलं. त्याने कोथिंबीर जास्त दिली.

विद्यापीठात विभागाची विंधनविहीर आटली. शुद्ध पाणी तयार करायच्या यंत्राला थंड ठेवायला आणखी पाणी लागतं, ते कुठून आणायचं? सायलीने घरून दोन कॅन नेऊ का असं विचारलं. टँकर आठवड्यातून एकदा येतो, आणि मी तुळशीलासुद्धा भांडी विसळलेलं पाणी घालते. मी म्हटलं, विद्यापीठ काय आपल्या भरवशावर उघडलंय? आणि गच्चीवरच्या टाकीची किल्ली टेबलावर ठेवून झोपायला गेले. किल्ली कुठंतरी ठेवायला लागतेच.

मधुसूदनरावांनी दुपारी टाकीत काठी बुडवली. "पातळी खाली गेलीय."

"जायकवाडीचीही गेलीय. तिला कोणी जाब विचारला का?"

३ जून, सोमवार

चोथा नाही! दोन्ही नळ्या पाण्यासारख्या नितळ. थोरले नीट वळले, धाकटेही. सायलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी बँकेत रांगेत होते. "वळले का?" असं जोरात विचारलं. पुढचे गृहस्थ वळले.

संध्याकाळी मात्र ती उतरलेली. थोरले वळलेत, पण काम जेमतेम. साध्या उबेला ठेवले की अगदी सावकाश, खात्यातल्यासारखं. मी मधुसूदनरावांकडे बघितलं. त्यांनी पेपर वर घेतला.

"म्हणजे नापास?"

"अजून नाही. उद्यापासून दहा-दहा अंशांनी तापवत न्यायचं."

"आणि त्यात नासले तर?"

"नासले तर शेंद्रा," ती म्हणाली, आणि हिमांशूकडं न बघता आत गेली.

५ जून, बुधवार

सायली डबा विसरली होती. खरं तर तिने डबा नेतच नाही असं परवा सांगितलं होतं, पण ते मी विसरले. रिक्षाने विद्यापीठात गेले. दुपारचं ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं.

प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी चकचकीत असेल अशी माझी कल्पना होती. आमच्या माळ्यावरची अडगळ याहून नीट लावलेली आहे. कोपऱ्यात एक यंत्र, त्याला पडदा. पडद्यावर दोन रेघा. एक नळी थोरल्यांची, दुसरी थोरल्यांशिवायची, बाकी सगळं तेच. काम झालं तर रेघ चढते.

"चाळीसला?"

"जराशी."

"पन्नास?"

"थांबा, आई."

साठला रेघ उठली. सत्तरला ती अशी चढली, की मी डब्याचं झाकण घट्ट धरलं. शेजारची रेघ आडवीच, मेल्यासारखी. सायलीने तीनदा करून बघितलं. मग धाकटे लावले. तेही सत्तरलाच खूश.

"आई, ह्यांना ऊन हवं होतं," ती म्हणाली. "मी त्यांना सावलीत ठेवून कामाला लावत होते."

मी म्हटलं, "मराठवाड्यातलेच दिसतात." आणि मग मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घामट होतं.

इतकी वर्षं मी लोकांच्या फुशारकीवर जगले. आज रिक्षावाल्याला, विचारलेलं नसताना, विद्यापीठापासून घरापर्यंत सगळं सांगितलं. त्याने आरशातून बघत विचारलं, "बेटी है क्या?" मी म्हटलं, रास्ता देखके चलाओ.

२४ जून, सोमवार

आढावा झाला. सभागृह खुलं होतं, म्हणून गेले. शेवटच्या बाकावर बसले. वीसेक माणसं, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा.

सायलीने मराठीत सुरुवात केली, मग इंग्रजीत गेली, अडली की परत मराठीत आली. पुण्याहून आलेले परीक्षक हडकुळे, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा असा की माझा व्यवसाय त्यांनीच करायला हवा होता. त्यांनी नेमकं तिथं बोट ठेवलं.

"तुम्ही उकळत्या झऱ्यातले जंतू हिशेबात घेतलेत, म्हणून तुमच्या पूर्वजाला उष्णता आवडली. उत्तर तुम्ही स्वतःच आत घातलंत. बरोबर?"

डॉ. कारभारी छताकडे बघायला लागले. माझ्या तोंडाशी तीन उत्तरं आली, तिन्ही छापण्याजोगी नव्हती.

"सर, ती भीती मलाही होती," सायली म्हणाली. "म्हणून त्यांना पूर्ण वगळून पुन्हा हिशेब केला. फक्त या वेळी डोकी मोजली नाहीत. प्रत्येक घराण्याला एकच मत दिलं. तरी बहुतेक जागी तेच मणी आले. आणि जिथं शंका होती, तिथं दुसरा मणी घालून धाकटं प्रथिन बनवलं. तेही सत्तर अंशांनाच काम करतं. माझी चूक झऱ्यातल्यांना घेण्यात नव्हती, आधीच्या गर्दीला साक्षीदार समजण्यात होती."

"मग जीवसृष्टीचा उगम गरम पाण्यात झाला, असं तुमचं म्हणणं?"

"नाही सर. उगम त्याच्या कितीतरी आधीचा. ह्या एका प्रथिनापुरतं, त्या पूर्वजाला उष्णता सोसत होती. एवढंच."

परीक्षकांनी चष्मा काढला. "एवढंच म्हणणारा विद्यार्थी बऱ्याच दिवसांनी बघितला," म्हणाले. "विषय बदलायचं कारण नाही. लिहा."

पिशोरकरांच्या घराण्यात "एवढंच" हा शब्द पहिल्यांदा आला, आणि तो कन्नडहून आला. आम्ही निजामापासून जे काही होतो ते पाच पानांपेक्षा कमी जागेत कधी मावलं नाही. ही पोरगी साडेतीनशे कोटी वर्षं मागे जाऊन आली, आणि दाराशी चप्पल काढून म्हणते, एवढंच. माझी मान इतकी ताठ झाली की पाठीमागच्या भिंतीला टेकली.

घरी येऊन जरा टेकले तोच अप्पारावांचा फोन. सायली आंघोळीला गेलेली, म्हणून मी घेतला. ह्या माणसाशी दोन वर्षांत माझं बोलणं "बरं आहे ना" आणि "अद्रक पोचलं" यापलीकडे गेलेलं नाही.

"विहीणबाई, पास झाली का पोरगी?"

"झाली! अहो, झाली म्हणजे काय! विषय बदलायचा नाही, लिहा म्हणाले."

"म्हंजी नेमकं काय केलं तिनं? मला ती सांगती, पर लई भरभर सांगती."

मग मी सांगितलं. सावकाश. माळ, मणी, पूर्वज, चोथा. आधी आमचा हिशेब कुठं चुकला ते. मग आम्ही कोणाकोणाला नव्याने विचारलं ते. धाकटे कशासाठी केले, आणि आम्ही साठला नेलं तेव्हा रेघ कशी उठली, सत्तरला कशी चढली. त्या पुण्याच्या माणसाने कसं पकडायला बघितलं आणि आम्ही त्याला कसं उत्तर दिलं. मधेच मधुसूदनरावांनी पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं. तरी मी थांबले नाही.

पलीकडे अप्पाराव बराच वेळ नुसते "हां, हां" करत होते. मग जरा अदबीने म्हणाले, "लई भारी झालं बगा. मला ठावं नव्हतं. तुमी बी तिथंच कामाला हाय व्हय, विहीणबाई?"

सायली केस पुसत बाहेर आली होती. मी फोन तिच्या हातात दिला. नाही म्हणायचं राहून गेलं. नंतर फोन करून सांगता आलं असतं, पण केला नाही.